बेडूक, मगर आणि लामदुअनचे हात

लामदुअनच्या हातून अठ्ठावीस वर्षांत एकही प्लेट नासली नव्हती. विद्यापीठातल्या जीवशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर नव्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणी ना कुणी सांगायचं. सांगताना ती जवळपास असली, तर ऐकू न आल्यासारखं करून टेबल पुसत राहायची. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायची.

प्लेट म्हणजे तळहाताएवढी, पारदर्शक, शहाण्णव खळग्यांची. प्रत्येक खळग्यात जंतू आणि त्यांचं खाणं, आणि वर ज्याची परीक्षा घ्यायची ते औषध. पहिल्या खळग्यात सगळ्यांत कडक, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं, असं बारा खळगे. मग प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरायची. खळगा गढूळ दिसला तर जंतू जगले, नितळ दिसला तर मेले. यात काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. हात थरथरला की ओळ गेली, शिंक आली की प्लेट गेली. लामदुअन जन्माची डावखुरी. शाळेत बाईंनी पट्ट्या मारमारून तिला उजव्या हातानं लिहायला लावलं, त्यामुळे तिचे दोन्ही हात सारखेच तरबेज झाले होते. बाईंचा हा एवढाच उपकार ती मानायची.

तिची जागा खिडकीपाशी होती. बाहेर चिंचेचं झाड. इन्क्युबेटरच्या मुठीला ती दर सोमवारी मोगऱ्याची माळ घालायची आणि तयार केलेल्या प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं तारीख घालून एक इवलंसं कमळ काढायची. दोन वर्षांनी साठी, साठीला निवृत्ती. तोवर ती खिडकी आणि ते टेबल आपलं राहावं, एवढीच तिची इच्छा होती. इतकं थोडं मागणाऱ्या माणसाला ते निवांत मिळू द्यावं, पण तिसऱ्या मजल्यावर आजान, म्हणजे प्राध्यापक, दोन होते.

आजान वोरावित बेडकाचे आणि आजान रत्चनी मगरीच्या. वोरावित बेडकाच्या कातडीवरच्या चिकट स्रावातून पेप्टाइड काढत. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. हे तुकडे जंतूच्या अंगावरच्या तेलकट पापुद्र्याला भोकं पाडतात आणि जंतूचा जीव बाहेर सांडतो. रत्चनीबाई तसलाच तुकडा मगरीच्या रक्तातून काढत. घाणेरड्या पाण्यात मारामाऱ्या करून, पाय तुटला तरी मगरीची जखम चिघळत नाही, हे त्या दर भाषणात सांगत. वोरावितनी वीस वर्षांत भाजलेला बेडूक तोंडात घातला नव्हता. ईसान प्रांतात बेडूक म्हणजे जिवाभावाचं खाणं; ईसानमधल्या माणसाला हे किती जड जातं ते ईसानमधल्या माणसालाच विचारावं. आणि रत्चनीबाई दुपारी त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम खणखणीत आवाजात विचारत, "आज कुणाच्या डब्यात बेडूक आहे का गं? चांगला खरपूस?"

दोघांचंही दुखणं एकच होतं. इस्पितळातून आलेला एक चिवट जंतू होता, कुठल्याच औषधाला न बधणारा. बेडकाचं पेप्टाइड त्याला मारायचं, पण फक्त पहिल्या खळग्यात, मगरीचंही तसंच. आणि एवढ्या कडक औषधानं माणसाच्या रक्तातल्या पेशीही फुटायच्या. म्हणजे जंतू मेला खरा, पण रोग्याला घेऊन मेला. प्रत्येक आजानाला ही उणीव दुसऱ्याच्या पेप्टाइडमध्ये स्वच्छ दिसायची.

दोघं एकाच गुरूचे शिष्य, आणि दोघांमध्ये अकरा वर्षं शब्द नव्हता. गुरूंच्या अंत्यसंस्काराला आलेल्यांना वाटायला स्मरणपुस्तक छापलं होतं, त्यात शिष्यांची यादी होती, आणि यादीत रत्चनीबाईंचं नाव वोरावितांच्या वर आलं होतं. छापणारा म्हणाला, चुकून झालं. वोरावित म्हणाले, असं चुकून होत नसतं. रत्चनीबाई म्हणाल्या, चुकून झालं असं म्हणणं हाच अपमान आहे. चिता विझायच्या आत बोलणं बंद झालं. तेव्हापासून एकाचा निरोप दुसऱ्याला लामदुअनमार्फत जायचा, आणि वाटेत ती त्यातली मिरची काढून टाकायची.

त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती. मजल्याच्या टोकाची नवी मोठी खोली कुणाच्या कामाला द्यायची, ते शुक्रवारी ठरणार होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात प्लेटा संपल्या. नवी खोकी बंदरात अडकली होती. कपाटात एक, फक्त एक प्लेट उरली होती.

मंगळवारी वोरावित आले. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"ताई, एकच प्लेट राहिलीय म्हणे."

"हो आजान."

"आपल्याला पुरेल तेवढी. त्या चिवट जंतूवर लावा. गुरुवारी बघू. आणि हे बघा, तिकडून कुणी विचारलं तर..."

"हो आजान."

तिकडून म्हणजे सहा पावलांवरच्या दारातून. तिथून अर्ध्या तासानं रत्चनीबाई आल्या.

"अगंबाई, ताई, केस काय सुंदर दिसतायत आज!" लामदुअनचे केस पंधरा वर्षं तसेच होते. "एकच प्लेट आहे ना? मगरीला अख्खी लागेल हं. बेडकांना काय, पावसाळ्यात पुन्हा येतील."

"हो आजान."

दोघांनाही हो म्हणून झाल्यावर लामदुअन खुर्चीत बसली आणि चिंचेकडे बघत राहिली. समोरच्याचं मन मोडायचं नाही, त्याला अवघड वाटेल असं काही बोलायचं नाही, या संस्कारात ती वाढली होती. आजानांच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे तिच्या लेखी भर सभेत पाय वर करून बसण्यासारखं होतं. तिनं कधीच कुणाला नाही म्हटलं नव्हतं, एका माणसाला तर लग्नालाही हो म्हटलं होतं आणि नंतर बावीस वर्षं निभावलं होतं.

बुधवारी सकाळी तिनं प्लेट पुढ्यात घेतली. वरच्या चार ओळी एकाला आणि खालच्या चार दुसऱ्याला द्याव्यात, हा पहिला विचार. पण वर कुणाला आणि खाली कुणाला? वर डोकं, खाली पाय. कुठल्या आजानाचं आयुष्यभराचं काम पायाशी ठेवायचं? मग डावी-उजवी करावी? उजवी बाजू मानाची, हे लहान पोरालाही कळतं. एका यादीतल्या एका ओळीवरून अकरा वर्षांचं मौन झालेलं तिनं पाहिलं होतं. आणखी अकरा वर्षांसाठी निमित्त व्हायची तिची तयारी नव्हती.

आणि मग दोन नमुने एका खळग्यात कधी घालायचे नसतात, असं अठ्ठावीस वर्षं पोरांना ओरडून सांगणाऱ्या या बाईनं प्रत्येक खळग्यात दोघांचं घातलं. निम्मं बेडकाचं, निम्मं मगरीचं, सगळीकडे अगदी सारखं. हे चूक आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिचा हिशेब असा की तो जंतू एरवीही कुणाला दाद देत नाही. दोघंही हरतील, सारखेच हरतील, आणि सारखं हरण्यात कुणाचा अपमान नाही.

गुरुवारी सकाळी तिनं प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. पहिला खळगा नितळ. दुसरा नितळ. तिसरा, चौथा, पाचवा. ती आठव्याशी थांबली, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. दहाव्यापर्यंत सगळं पाणी. तिला वाटलं आपण जंतूच घालायला विसरलो, पण अकरावा आणि बारावा मस्त गढूळ होता. जंतू होते. मेले होते. पहिल्या खळग्यात जेवढं औषध असतं त्याच्या पाचशेव्या हिश्शाला मेले होते.

दारात वोरावित उभे होते. त्यांनी प्लेट तिच्या हातातून घेतली आणि ओठ हलवत खळगे मोजले.

"आजान, ही प्लेट जरा..." तिनं सुरुवात केली.

"ताई!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साठीला टेकलेला, टक्कल पडलेला माणूस, चिखलात बेडूक धरण्यात गुडघे घालवलेला. "माझ्या बेडकानं करून दाखवलं, ताई. गुरुजी असायला हवे होते आज."

आता अशा माणसाला काय सांगायचं? तो फोटो काढून गेला आणि सव्वानवाला रत्चनीबाई आल्या. त्यांनी खळगे मोजले नाहीत, एकदम लामदुअनला मिठी मारली. "मी म्हणत नव्हते? मगर ती मगर!" त्यांनीही फोटो काढला, दोन बाजूंनी.

शुक्रवारी समितीसमोर वोरावितनी पडद्यावर फोटो दाखवला. टाळ्या झाल्या. पाऊण तासानं रत्चनीबाईंनी फोटो दाखवला. तीच प्लेट, तेच दहा नितळ खळगे, कोपऱ्यात तीच तारीख आणि निळं कमळ. खोलीतल्या पाचही सभासदांना ते कमळ दिसलं. समितीच्या अध्यक्षांनी घसा साफ केला, गरम पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, दोन्ही कामं फारच, म्हणजे अगदी सारखीच उत्तम आहेत. महिन्याभरानं डीनसाहेबांसमोर दोघांनी एकदा पुन्हा करून दाखवावं.

एवढं सोडलं तर शुक्रवार शांततेत गेला. वोरावितना खात्री पटली की रत्चनीबाईंनी त्यांचा फोटो चोरला. रत्चनीबाईंना खात्री पटली की चोरी उलट दिशेनं झाली. लामदुअनला कुणी विचारलं नाही. दोघांनाही तिच्यावर संशय घ्यायचं सुचलंसुद्धा नाही, इतकं त्यांचं एकमेकांवर लक्ष होतं.

महिन्याभरात प्लेटा आल्या. वोरावितनी नुसतं बेडकाचं लावलं: पहिला खळगा नितळ, बाकी अकरा ताकासारखे. रत्चनीबाईंनी नुसतं मगरीचं लावलं, तेच. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तीन वेळा झाल्यावर दोघं वेगवेगळ्या दिवशी डीनसाहेबांकडे गेले आणि दोघांनी एकच निष्कर्ष सांगितला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच: ती पहिली प्लेटच चुकली होती.

डीनसाहेब स्वभावानं मऊ. त्यांनी लामदुअनला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"मावशी, वय कुणाला चुकलंय? माझेही हात हल्ली कापतात सही करताना."

"माझे कापत नाहीत, साहेब," असं तिच्या मनात आलं. तोंडातून निघालं, "हो साहेब."

"खाली काचसामानाच्या कोठीत निवांत काम आहे. पंखा आहे. एक तारखेपासून तिकडे बसा. वर प्लॉय करेल तुमचं काम, पोरगी हुशार आहे."

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य डीनसमोर बोललं असतं तर दोन्ही आजान, एकाच प्लेटचा फोटो समितीला दाखवणारे दोघं, उघडे पडले असते. ती हो म्हणाली, हात जोडले, उठली आणि मजल्यावरच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. कोठी तिनं सोसली असती. तिथला पंखाही तिनं दोन वर्षं चालवून घेतला असता. पण हात म्हातारा झाला, हे तिला सोसवेना. तिला राग आला होता, डीनचा, आजानांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या तोंडाचा, जे हो सोडून दुसरं काही शिकलंच नव्हतं.

हात मात्र तिच्या ताब्यात होते. शेवटच्या आठवड्यात तिनं दोन्ही आजानांना वेगवेगळं गाठलं.

"आजान, बुधवारी सकाळी नऊला माझ्या मनगटाला दोरा बांधायला याल ना? जाणार आता मी."

निरोपाच्या माणसाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून त्याचा जीव जागेवर बसवायचा असतो, आणि त्याला नाही म्हणणारा माणूस ईसानमध्ये अजून जन्मायचा आहे. वोरावित म्हणाले, अर्थातच. रत्चनीबाई म्हणाल्या, विचारता काय ताई. तिकडचंही कुणी येणार आहे, हे तिनं दोघांना सांगितलं नाही.

बुधवारी नऊला दोघं दारात एकमेकांना बघून थबकले. मागे वळणं शक्य नव्हतं. पोरं जमली होती, चिकट भाताच्या टोपल्या आल्या होत्या. लामदुअन टेबलापाशी उभी राहिली आणि दोन्ही हात एकदम पुढे केले. वोरावित एका बाजूला, रत्चनीबाई टेबलाच्या पलीकडे. दोघांनी एकेका मनगटाला दोरा बांधला, ये रे जिवा, घरी ये, असं पुटपुटले, आणि पुटपुटताना दोघांचंही लक्ष दुसऱ्याची गाठ किती नीट बसते याच्याकडे होतं.

दोरे बांधून झाल्यावर तिनं टेबलावरचा रुमाल उचलला. खाली प्लेट होती, आदल्या दिवशी लावलेली. उभे तीन भाग केले होते, आणि सगळ्या खळग्यांत औषध सारखंच, अगदी थोडं घातलं होतं. एका टोकाला नुसतं बेडकाचं, दुसऱ्या टोकाला नुसतं मगरीचं, मधे दोघांचं मिळून. प्लेट तिनं अशी ठेवली होती की वोरावितांना बेडूक आपल्या उजव्या हाताला दिसावा, आणि समोरून रत्चनीबाईंना मगर त्यांच्या उजव्या हाताला. मानाची बाजू दोघांनाही मिळाली होती. हे तिला आधी सुचलं नसतं असं नाही, पण त्यासाठी दोघं एका टेबलाशी समोरासमोर यायला हवे होते.

दोन्ही टोकं गढूळ होती. मधला भाग नितळ होता.

"त्या दिवशी मी दोघांचं एका खळग्यात घातलं, आजान," ती म्हणाली. "एकच प्लेट होती, आणि तुम्हा दोघांनाही मी हो म्हटलं होतं. माझा हात चुकला नव्हता. मी चुकले. बाजूला रक्ताचीही प्लेट लावलीय. तेवढ्याशा औषधानं रक्ताला काही होत नाही, बघून घ्या."

भाताच्या टोपलीचं झाकण कुणाच्या तरी हातातून पडलं. वोरावितनी प्लेट उचलली, उजेडात धरली, बराच वेळ बघितली. मग त्यांनी ती टेबलापलीकडे रत्चनीबाईंच्या हातात दिली. रत्चनीबाईंनी बघितली.

"तुमच्या बेडकाचं प्रमाण किती होतं?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तुमच्या मगरीएवढंच."

"म्हणजे भोक तुमचं पाडतं."

"पाडतं हो, पण लगेच मिटतं. वीस वर्षं तेच रडगाणं आहे माझं. ते पापुद्र्यावर आडवं पडतं, त्याला ताणून पातळ करतं, आणि मग..."

"आणि मग माझं उभं आत शिरतं. एरवी त्याला वाटच मिळत नाही! शिरलं की भोकाच्या कडेला उभं राहतं आणि मिटू देत नाही. दाराला पाय लावून उभं राहावं तसं."

"एकेकट्यानं जायचं तर गर्दी लागते. हजारोंची."

"दोघं असले की मूठभर पुरतात. अहो, वोरावित, बसा ना, उभे काय राहिलात?"

ते दोघं बसले. कागद आला, पेन आलं, बाण काढले गेले. दुपारी त्यांनी लामदुअनच्याच टोपलीतला भात खाल्ला, डब्यातला भाजलेला बेडूकही फस्त केला, आणि वोरावितना आपण काय खातोय ते शेवटचा पाय चोखेपर्यंत कळलं नाही. लामदुअन बाजूला उभी राहून बघत होती. तिला खरंच आनंद झाला होता. गुरुजी असायला हवे होते, असं तिलाही वाटलं.

चार वाजता दोघं मिळून डीनसाहेबांकडे गेले. पाच वाजता पत्र निघालं. पत्रात लिहिलं होतं की श्रीमती लामदुअन यांच्या हातात कोणताही दोष नाही, उलट तो हात असामान्य आहे. दोष वागणुकीत आहे. परवानगी न घेता नमुने एकत्र करणं आणि दोन वरिष्ठांना खोटं सांगणं, ही गोष्ट प्रयोगशाळेत चालणार नाही. सबब कोठीतली बदली कायम. खाली दोघांच्या सह्या होत्या, एका ओळीत शेजारी शेजारी, म्हणजे कुणी कुणाच्या वर नको.

ती कोठीत गेली. पंखा होता, पण आवाज करायचा. ती चंचुपात्रं मोजायची, फुटकी वेगळी काढायची, मनगटावरचे दोरे हाताला लागले की पत्र आठवायचं. एकेकट्या दोघांना तिनं अठ्ठावीस वर्षं रिचवलं होतं, टोमणे, निरोप, हट्ट सगळं. दोघं एकत्र आले आणि एका दुपारीत तिचा निकाल लागला. आपण लावलेली सगळ्यांत यशस्वी प्लेट हीच, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच हसली. मग तिला पुन्हा रडू आलं.

वर सगळं सुरळीत चाललं होतं. प्लॉयनं वीस प्लेटा लावल्या, वीसही नितळ. मोठी खोली दोघांना मिळून मिळाली. निबंध लिहून तयार झाला. अडलं ते एका जागी: वर नाव कुणाचं आधी?

तीन आठवडे अडलं. वयानं वोरावित मोठे होते, पदानं रत्चनीबाई. नाणं उडवणं दोघांच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. शेवटी दोन विद्वानांनी मिळून एक शास्त्रशुद्ध तोडगा काढला. त्या पहिल्या प्लेटमध्ये, जिथून सगळं सुरू झालं तिथे, ज्याचं पेप्टाइड खळग्यात आधी पडलं त्याचं नाव आधी. याला दोघंही तयार झाले, कारण दोघांनाही उत्तराची खात्री होती.

सोमवारी सकाळी वोरावित कोठीत उतरले. एका रिकाम्या खोक्यावर बसले.

"ताई, पंखा फार आवाज करतो हो हा."

"हो आजान."

"त्या दिवशी... आठवतं का, आधी कुणाचं घातलं होतंत? बेडकाचं ना?"

हो आजान, हे शब्द तिच्या जिभेवर आलेच होते. मनगटाला दोरा खुपला. तिनं तोंड मिटलं, एक चंचुपात्र पुसलं, खाली ठेवलं.

"असं तोंडानं नाही सांगता येत, आजान. मला आठवत नाही, हाताला आठवतं. माझ्या टेबलाशी बसले, खिडकीपाशी, तर हात आपोआप करेल. इथे काचा मोजून मोजून तोही विसरायला लागलाय."

वोरावित विचारात पडून वर गेले. दुपारी रत्चनीबाई आल्या. तिचे केस सुंदर दिसत होते. आधी मगरीचं होतं ना, हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि लामदुअननं त्यांना तेच उत्तर दिलं, शब्दाचाही फरक न करता. ती उत्तरं देताना कुणाचंही मन मोडलं नाही, आणि तरी ती हो म्हणाली नव्हती. असंही बोलता येतं हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळल्यामुळे ती संध्याकाळपर्यंत स्वतःवर खूश होती.

मंगळवारी दुसरं पत्र निघालं. संशोधनाच्या निकडीमुळे, प्रश्नाचा उलगडा होईपर्यंत, श्रीमती लामदुअन यांना पूर्ववत तिसऱ्या मजल्यावर. दोन सह्या, शेजारी शेजारी.

बुधवारी तिनं आधी इन्क्युबेटरच्या मुठीला नवी माळ घातली. मग खुर्ची पुसली, टेबल पुसलं, दोनदा. चिंचेला कोवळी पालवी आली होती. वोरावित तिच्या एका खांद्याशी उभे राहिले, रत्चनीबाई दुसऱ्या. प्लॉय वही घेऊन बसली. तिनं हातमोजे चढवले, आत मनगटांवर दोरे तसेच होते.

"सावकाश, ताई," वोरावित म्हणाले.

"हाताला हवं ते करू द्या, ताई," रत्चनीबाई म्हणाल्या.

लामदुअननं उजव्या हातात एक पिपेट घेतलं आणि डाव्या हातात दुसरं. एकात बेडकाचं भरलं, एकात मगरीचं. दोन्ही टोकं पहिल्या खळग्यावर आणली आणि दोन्ही अंगठे एकाच क्षणी दाबले. दोन थेंब एकदम पडले. मग दुसरा खळगा, मग तिसरा, त्याच लयीत, बारापर्यंत. कुठेही हात हलला नाही.

प्लॉयनं वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं.

"एकदम?" रत्चनीबाईंनी विचारलं.

"हात तर असंच म्हणतोय, आजान."

"एखादे वेळी हाताची चूक होत असेल," वोरावित म्हणाले.

"होत असेल, आजान," लामदुअन म्हणाली. "पुन्हा करून बघू. दहा-वीस वेळा केल्याशिवाय अशा गोष्टीचा भरवसा नसतो, तुम्हीच शिकवलंत. माझी अजून दोन वर्षं आहेत."

दोघांनी मान डोलावली. त्या पहिल्या दिवशी बेडकाची नळी हाताशी जवळ होती म्हणून बेडकाचं आधी पडलं होतं, प्रत्येक खळग्यात. हे तिला अगदी स्पष्ट आठवत होतं. तिनं कपाटातून नवी प्लेट काढली, कोपऱ्यात तारीख घातली आणि निळ्या शाईनं कमळ काढायला घेतलं.